लाल चौकोन

रविवारी दुपारी मामाच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशपरीक्षेच्या, सराव पेपरचा फोटो टाकला. स्क्रीनच्या उजव्या कडेला प्रश्नांच्या नंबरांचे चौकोन असतात ना, सोडवले की हिरवे आणि बघून तसेच सोडले की लाल, तेवढाच भाग. किती मार्क पडले हे विचारायच्या आधी मी लाल मोजले. गणितात चौदा. लगेच फोन लावला.

"चौदा का सोडलेस?"

"येत नव्हते ताई."

"अरे, सीईटीला निगेटिव्ह नाही, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, माहितीये ना?"

"माहितीये की. पण हातच जात नाही."

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी विसरले. २०१९ च्या मे महिन्यात सीईटी देताना माझाही हात असाच गेला नव्हता.

मी अंबाजोगाईची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. २०१७ च्या जूनमध्ये अकरावीला लातूरला मावशीकडे आले. लातूर म्हणजे डॉक्टर व्हायला आलेल्यांचं गाव. क्लासच्या इमारतीत नीटवाल्यांचे वर्ग भरून वाहायचे. आम्ही मॅथ्सवाले वरच्या मजल्यावर पत्र्याखाली, मोजकेच. त्यातही सगळ्यांचा डोळा जेईईवर, आयआयटीसारख्या कॉलेजांच्या देशपातळीवरच्या परीक्षेवर. सीईटीचं नाव काढलं की सर म्हणायचे, "जेईई केली की सीईटी आपोआप होते." हे वाक्य मी दोन वर्षं मंत्रासारखं जपलं.

पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये मला उणे सहा मार्क पडले. नववीपासून त्वरण म्हणून ओळखीची असलेली गोष्ट अ‍ॅक्सिलरेशन झाली होती, संवेग मोमेंटम झाला होता. प्रश्न कळायलाच निम्मा वेळ जायचा, म्हणून अंदाजाने गोल काळे केले. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. सरांनी मार्क मोठ्याने वाचून दाखवले, उणे या शब्दासकट. वर्ग हसला. वर्गात मुली सात होतो, त्यातल्या दोघी हसल्या नाहीत एवढं पक्कं आठवतंय. त्या दिवसापासून शंभर टक्के खात्री असल्याशिवाय पेन टेकवायचं नाही ही सवय लागली. पुढे सर तिचं कौतुकही करायचे, "हिची अ‍ॅक्युरसी बघा."

जेईई मेन जानेवारीत दिली, एप्रिलमध्ये परत दिली. अ‍ॅडव्हान्स्डला, म्हणजे जेईईच्या दुसऱ्या टप्प्याला, पुढे जाणाऱ्या सुमारे अडीच लाखांत माझा नंबर नव्हता. घरात दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग बाबा म्हणाले, सीईटी आहे ना अजून. होतीच.

पण सीईटी हा वेगळाच खेळ आहे आणि तो मी कधी खेळलेच नव्हते. तेव्हाच्या जेईई मेनला तीन तासांत ९० प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न दीड तासात, आणि फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न दुसऱ्या दीड तासात. म्हणजे तिथे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही, ५४ सेकंद. वर सगळा भर आपल्या बोर्डाच्या पुस्तकांवर, आणि ती मी मावशीच्या माळ्यावर टाकली होती. गणितातला लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा तर उघडलाही नव्हता, कारण तो जेईईला नव्हता. खरं म्हणजे त्याच्याइतके फुकटचे मार्क कुठे नाहीत. कोपऱ्यांचे बिंदू काढायचे, समीकरणात टाकायचे, विचारला असेल तसा मोठा किंवा छोटा आकडा उचलायचा. बऱ्याचदा नुसते पर्याय टाकून बघितले तरी उत्तर हाताला लागतं. पण पर्याय टाकून बघणं आमच्या वर्गात कमीपणाचं समजलं जायचं.

पेपरात शून्य ते पाय बाय टू मर्यादेतलं एक इंटिग्रल आलं होतं. वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. ज्याने बोर्डाचं पुस्तक मन लावून केलंय तो बघताक्षणी पाय बाय फोर लिहून पुढे जातो. मलाही बघताक्षणी तेच दिसलं. पण मन म्हणालं, एवढं सोपं कसं असेल? काहीतरी ट्रॅप असणार. मी कच्च्या कागदावर एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं, दोन ओळी एकीखाली एक मांडल्या, बेरीज केली, निम्मं केलं. पाय बाय फोर. घड्याळात अडीच मिनिटं गेली होती. असं पाच-सहा प्रश्नांत झालं असेल.

शेवटच्या मिनिटाला गणितात तेरा चौकोन लाल होते. निगेटिव्ह नाही हे मला माहीत होतं. सूचनांच्या पहिल्या पानावर वाचलं होतं, मावशीच्या शेजारचा दादा आदल्या रात्री बजावूनही गेला होता. माउस हातात होता. तेरा क्लिक करायला कितीसा वेळ लागतो? मी एका प्रश्नावर गेले, चारही पर्याय वाचले, यातलं खात्रीचं कुठलं याचा विचार करत बसले, आणि पेपर आपोआप सबमिट झाला.

गणितात एका प्रश्नाला दोन मार्क. तेरा अंदाजांत तीन जरी लागले असते तरी सहा मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीत एकेका मार्काचे नऊ सोडले होते, त्यातले दोन धरा. झाले आठ. निकालानंतर ही बेरीज मी इतक्या वेळा केली की आई शेवटी वैतागून म्हणाली, "त्या आठ मार्कांचं आता लोणचं घाल." हसायला ठीक आहे, पण प्रवेशाच्या वेळी एकेक मार्क टोचला. तेव्हा पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्याच भागात बारावी केलेल्या मुलांना ७० टक्के जागा. बारावी लातूरला केल्यामुळे माझी होम युनिव्हर्सिटी नांदेडची, म्हणून उरलेल्या तीसमध्ये झुंजायचं. कॉम्प्युटर हवं होतं, तिसऱ्या राउंडला एंटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, मिळालं. आता नोकरी कोडिंगचीच करते, तो भाग वेगळा.

खरी गंमत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी, प्रोबॅबिलिटी शिकताना कळली. जेईईतही डोळे मिटून चार उत्तरं मारली आणि हिशेबाने त्यातलं एक लागलं, तर ४ मिळतात, ३ जातात. एक मार्क उरतोच. म्हणजे ज्या भीतीपायी मी दोन वर्षं गोल कोरे ठेवले तिला गणिताचाही आधार नव्हता. असलाच तर त्या हसणाऱ्या वर्गाचा. नेहमी चारात एक लागेलच असं नाही, उणे सहा मी बघितलेत. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे दिसत असतानाही मी सोडून द्यायचे, त्याला काय म्हणायचं?

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. सांगितलं की शेवटची तीन मिनिटं राखून ठेव, त्यात एकही नवा प्रश्न सोडवायचा नाही, फक्त लाल शोधायचे. आधी चुकीचे पर्याय मनातल्या मनात खोड, उरलेल्यांतला एक दाब. काहीच खोडता येत नसेल तर सगळीकडे 'क' दाब, पण दाब. तो हं हं करत होता. मागून मामी ओरडत होती, जेवायला ये म्हणून.

आज सकाळी ऑफिसच्या बसमध्ये असताना त्याचा नवा फोटो आला. सगळे चौकोन हिरवेगार, एकही लाल नाही. खाली मार्क लिहिले होते, रविवारपेक्षा दोन कमी.

"ताई, आता?"

आता संध्याकाळी घरी जाऊन ते ५० प्रश्न त्याच्यासोबत एकेक करून बघायचेत. मला शंका आहे की गडी शेवटच्या तीन मिनिटांत आधीची बरोबर उत्तरंही बदलत बसला होता.