आमची वाटचाल : टॉवेलच्या शेडमधला सॉस

अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये पूर्वी टॉवेल विणले जायचे. धंदा बसला, माग मोडीत गेले, शेड दोन वर्षं कुलूप लावून पडलं होतं. आता तिथं शेंगदाणे भाजल्याचा वास असतो. सोलापुरात बसून थाई-चायनीज भाज्यांचे सॉस करायचं सुचलं कसं, असं लोक विचारतात. सुचलं कसलं, गळ्यात पडलं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये धाकटी लेक पुण्याच्या हॉस्टेलवरून घरी आली. वांगं-भाकरीला चौथ्या दिवशी कंटाळली आणि थाई करी हवी म्हणाली. बाजार बंद. कुंडीत गवती चहा होता, दोन नारळ होते. गवती चहाची आपण पात उकळतो; तिकडे बुडाचा पांढरा दांडा ठेचून वाटणात घालतात, हे तेव्हा कळलं. आमच्या कुंडीतले दांडे काडीएवढे, म्हणून पातीचीच गाठ मारून टाकली आणि शेवटी काढून घेतली. गलांगलच्या, म्हणजे तिकडच्या आल्यासारख्या कंदाच्या, जागी आलं घातलं. चव तीच येत नाही, उगाच खोटं कशाला सांगू? नारळाचं दाट दूध आचेवर फाटलं आणि वर तेल तरंगलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. नंतर समजलं, की तिकडचे स्वयंपाकी ते मुद्दाम आटवतात आणि सुटलेल्या तेलात वाटण परततात. आपण मसाल्याला तेल सुटेपर्यंत परततो, तेच की.

खरी गाडी रुळावर आली ती सासूबाईंमुळे. त्या शेंगाचटणी अजून उखळातच कुटतात, मुठीत दाबली की तेल सुटलं पाहिजे असा त्यांचा दंडक. धाकटी त्यांना इंडोनेशियाचं गाडो-गाडो समजावत होती : उकडलेल्या भाज्या, मोड आलेले मूग, टोफू (सोयाबीनचं पनीर) आणि वरून शेंगदाणे, मिरची, लसूण, चिंच नि ताडगुळाचा दाट रस. सासूबाईंनी हात न थांबवता विचारलं, "म्हणजे आपली चटणीच पातळ केलेली?" तिकडे दाणे बहुधा तळतात, आपण भाजतो, एवढाच काय तो फरक. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला. त्यांच्याकडेही पाहुणा, आपल्याकडेही.

तोच आमचा पहिला माल. आम्ही तो पाणी न घालता घट्ट विकतो. चिंचेचं कोमट पाणी घरी घालायचं. पाणी नसल्यानं टिकतो, फक्त दाणा जुना असला तर खवट होतो. बुरशी धरलेला दाणा तर निवडूनच फेकावा लागतो, हे काम अजून सासूबाई दुसऱ्या कुणाला देत नाहीत. अन्नसुरक्षेची नोंदणी केली, तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी होती. २०२३च्या जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत एका पापडवाल्या बचत गटाच्या स्टॉलचा कोपरा मिळाला. तिथं "आशियाई" हा शब्द कुणी वाचला नाही. "शेंगाचा सॉस" म्हटल्यावर बोट बुडवून चाखायला लोक थांबले.

त्याच वर्षी सोया-लसूण-मिरचीचा सॉस आणला आणि तिथं हात पोळले. गिऱ्हाइकं म्हणाली आंबट लागतो, म्हणून मी व्हिनेगर कमी केलं. मे महिना, शेडमध्ये भट्टी. एका सकाळी कुलूप काढलं तर ७२ बाटल्यांपैकी ११ बाटल्यांची झाकणं फुगलेली, एक तर छतापर्यंत उडालेली. आत लसूण आंबायला लागला होता. चूक सर्वस्वी माझी. विकलेल्या बाटल्या फोन करून परत घेतल्या, पैसे दिले आणि पीएच मोजायचं यंत्र घेतलं. पीएचचा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त; सुरक्षित हद्द ४.६च्या खाली असते. आम्ही ४च्या वर जाऊ देत नाही. आंबट लागतो म्हणणाऱ्यांना आता चिमूटभर गूळ घालायला सांगतो.

पण सगळ्यात जास्त तक्रार एकच : "ताई, भाजीला पाणी सुटतं ओ." शेवटी शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अक्कांनी फरसबी, गाजर, कोबी धुतला, ओलाच कढईत लोटला, वर मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. सॉसचा काय दोष? त्या दिवशी मी भाजी धुऊन टेरी टॉवेलवर पसरली. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! अर्ध्या तासानं पातळ पत्र्याची लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवली, तेल फिरवलं, भाजी पाव किलोच टाकली. घरच्या शेगडीची आच जास्त भाजीला पुरत नाही, कढई थंड पडते नि भाजी परतली जायच्या ऐवजी उकडते. गाजर-फरसबी आधी, कोबी मागाहून. मीठ नाही, कारण एक मोठा चमचा सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. सॉस शेवटी, कढईच्या कडेवरून सोडायचा. चर्रर्र आवाज आला आणि अक्का दोन पावलं मागं सरकल्या. फरसबी कचकन तुटली तेव्हा म्हणाल्या, "कच्ची राहिली की गं." दुसरा घास मात्र न विचारता घेतला.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीसोबत हे सगळं छापलेला कागद देतो. नॉनस्टिक अशी रिकामी तापवू नका, हेही त्यावर आहे. कागद सुरू केल्यापासून पाण्याची तक्रार जवळपास थांबली.

बाकी थोडक्यात. जैन गिऱ्हाइकांसाठी कांदा-लसणाशिवायचा तिळाचा सॉस निघाला. जपानी पद्धतीनं भाजलेले तीळ कुटून, सोया नि साखर घालून उकळत्या पाण्यातून काढून पिळलेल्या पालकाला चोळतात, त्यावरून. संक्रांतीला तो जास्त खपतो. किमची, म्हणजे कोरियाची आंबवलेली तिखट कोबी, मात्र विचारू नका. तिच्यात बहुतेक वेळा मासळी किंवा कोळंबीची खारवण असते, आणि ती वगळून जमलेली चव आम्हाला अजून पटलेली नाही.

आज शेडमध्ये पाच जणी आहेत, त्यातल्या दोघी पूर्वी आमच्याच मागांवर कांड्या भरायच्या. सासूबाई नूडल्सला अजून हात लावत नाहीत. संध्याकाळी कडक भाकरीचा तुकडा मोडतात, शेंगाच्या सॉसमध्ये बुडवतात आणि आज मीठ कमी पडलंय की जास्त, ते सांगतात. नव्या घाण्याला झाकण त्यानंतरच लागतं.