बुलेटचा कनेक्टिंग रॉड आणि 'या की उद्या'

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा, निवडायला मला दोन दिवस लागले. तो क्रँकमध्ये बसवून घ्यायला सात आठवडे. त्यामुळं खाली माहितीपेक्षा राग जास्त दिसला तर चालवून घ्या.

गाडी आबांची. १९८६ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन. दहा-बारा वर्षं परड्यात ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या दिवाळीत ठरवलं की इंजिन पूर्ण खोलायचं आणि होतं त्यापेक्षा जरा बरं करून बांधायचं. बजेट २५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, कारण घरात तसा शब्द दिला होता. बोअरिंग, पिस्टन, हेडचं काम यात काही सांगण्यासारखं घडलं नाही. दिलं, झालं, आणलं.

घोळ खाली होता. ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) उचलल्यावर रॉड वरच्या टोकाला आणून धरला आणि सरळ वर-खाली ओढला, तर 'टक्'. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: रॉड डावी-उजवीकडं थोडा हलतो, तो हलायलाच हवा, त्याला घाबरू नका. वर-खाली मात्र बोटाला काहीही जाणवता कामा नये. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनं उलट सांगितलं होतं. म्हणजे आडवं हलतंय म्हणून रॉड गेला, असं. त्याचं निदान बरोबर निघालं, पण कारण चुकीचं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, "मामा, एच-बीम फोर्ज्ड रॉड टाक." म्हणजे ठोकून घडवलेला जादा मजबूत रॉड. मी म्हटलं, बाबा, १८ हॉर्सपॉवरची गाडी आहे, तिला पैलवानाचा खुराक कशाला? पण त्याच्यामुळं मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, ते बरं झालं. या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०. म्हणजे ५,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. आणि पिस्टन वर जाऊन उलटा फिरताना रॉडवर जो ताण येतो तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ४,००० वरून ५,००० ला गेलात की ताण दीडपटीच्या वर. मी गडहिंग्लजहून आंबोलीला जाणारा माणूस, ताशी ७० च्या पुढं काटा नेत नाही. म्हणजे प्रश्न ताकदीचा नव्हताच. रॉड सरळ आहे का, गोल आहे का आणि त्याला तेल मिळतंय का, एवढंच बघायचं होतं.

जुना रॉड ठेवायचा विचार होता. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) लावला तर बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाचं, भोक अंडाकृती झालेलं. विषय संपला.

मग दोन रस्ते उरले. कंपनीचा मूळ प्रकार म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा रॉड आणि फ्लोटिंग बुश (पिन आणि रॉड यांच्यामध्ये तेलावर सुटं फिरणारं धातूचं कडं). दुसरा म्हणजे बाजारात मिळणारा स्टीलचा रॉड, रोलर बेरिंगवाला. यावर बुलेटवाल्यांत भावकीच्या बांधावरून होतात तशी भांडणं होतात. रोलरचा फायदा खरा आहे, थोड्या तेलावरही तो निभावतो. बुशला मात्र तेलाचा दाब सतत लागतो, पंप मेला की बुश मेलं. पण स्टीलचा रॉड जड असतो, आणि आपली फ्लायव्हील (क्रँकची जड चाकं) हलक्या रॉडच्या हिशोबानं बॅलन्स केलेली असतात. दुकानात दोन्ही रॉड हातात घेऊन बघा, वजनकाटा लागत नाही. बॅलन्स पुन्हा करून घ्यायचा तर माझं बजेट तिथंच आटोपलं असतं. नवे ऑइल पंप मी घालणारच होतो, म्हणून बुशवाला मूळ प्रकार घेतला. ज्याचे पंप जुने आहेत आणि बदलायचे नाहीत त्यानं माझं ऐकू नये.

दुकानात जाताना आपली गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) खिशात न्या. तेलाचं बोट लावून ती रॉडच्या वरच्या बुशात घाला. अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे, आपोआप पडता कामा नये आणि ठोकावीही लागू नये. मी एकाऐवजी दोन डबे उघडायला लावले. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं, पण एका रॉडच्या दांड्यावर आडवा ओरखडा होता, नखाला लागेल एवढा. तडा नेमका तिथून सुरू होतो. दुसरा घेतला.

आता खरी गोष्ट. या इंजिनमध्ये क्रँक एकसंध नसतो. दोन फ्लायव्हील आणि मध्ये क्रँक पिन, तिच्यावर रॉड. रॉड बदलायचा म्हणजे सगळं सुटं करून परत जोडायचं आणि डायल गेज (बारीक डगडग काट्यावर दाखवणारं साधन) लावून ट्रू करायचं, म्हणजे न डगमगता सरळ फिरेल असं. हे घरी होत नाही. म्हणून सगळं धूड पोत्यात भरलं, सुतळीनं गाठ मारली आणि एसटीनं कोल्हापूरला, उद्यमनगरात. कंडक्टरनं पोतं पायानं ढकलून बघितलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.

वर्कशॉपची पाटी मोठी होती, त्यालाच भुललो. ५०० रुपये आगाऊ दिले. "आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी: प्रेस बिघडलाय, या की उद्या. गडहिंग्लजहून 'उद्या' म्हणजे परत दीड-दोन तास जाणं, तेवढंच येणं आणि एक रजा. दुसऱ्या खेपेला ऑपरेटर जत्रेला गेलेला. तिसऱ्या खेपेला मालक स्वतःच नव्हते, पोरगं म्हणालं, "झालंय बहुतेक, पण मला म्हाईत न्हाई." मी चौथ्यांदा गेलो तेव्हा सरळ आत शिरलो. बाकाखाली माझं पोतं होतं. सुतळीची गाठ मीच मारलेली, तशीच. महिनाभर पोत्याला कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता, आणि मला मात्र दर आठवड्याला फोनवर "चालू आहे की काम!"

आवाज चढला माझा. त्याचा उपयोग झाला, आणि तोटाही झाला. पुढच्या खेपेला काम तयार होतं, कारण रागावलेल्या गिऱ्हाइकाला घालवायचं म्हणून ते उरकलं होतं. मी विचारलं, डायल लावला का? "लावला की." दाखवा म्हटलं. पोरानं ड्रॉवरमधून डायल गेज काढला, काचेला तडा, काटा शून्यावर घट्ट. बोटानं दाबला तरी हलेना. तो बहुधा वर्षभर कशालाच लागला नसावा.

क्रँक घेऊन मी तिथंच खाली बसलो. तेलाच्या कॅनचं तोंड टायमिंग बाजूच्या (जिकडून पंपाचं तेल आत जातं त्या) शाफ्टच्या भोकाला लावून दाबत राहिलो. तेल फ्लायव्हीलमधून, पिनमधून फिरून बिग एंडला बाहेर यायला हवं. आलं नाही. परत दाबलं. उलट माझ्याच बाहीवर उडालं. ही एक परीक्षा केली नसती तर फ्लोटिंग बुशवालं इंजिन कोरडं चालून पहिल्याच फेरीत जाम झालं असतं. मालक म्हणाले, "चालू झाल्यावर येतंय तेल." त्यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

थोडी चूक माझीही. फ्लायव्हीलमधला तेलाचा मार्ग द्यायच्या आधी मीच तार घालून साफ करायला हवा होता. डिझेल, तार आणि हवा, दहा मिनिटांचं काम.

त्याच गल्लीत पुढं पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते. पाटी नाही, दारात दोन डिझेल इंजिनं उघडी पडलेली. काका म्हणाले, "ठेवून जाऊ नका, बसा इथंच." पिनचे नट खोलले, फ्लायव्हीलच्या भोकात तार घातली, आणि हरभऱ्याएवढा काळा वाळलेला गाळ बाहेर पडला. तीस-पस्तीस वर्षांचं जुनं तेल ते. परत जोडून डायल लावला. काटा पंधरा रेघा फिरत होता, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. काका फ्लायव्हीलला कुठंतरी पितळी हातोडा हाणत, फिरवत, बघत, पुन्हा हाणत. कुठं आणि किती जोरात, हे विचारलं तर म्हणाले, "हाताला कळतं." चाळीसेक मिनिटांत काटा दोन-तीन रेघांवर आला. मग स्वतःच तेलाचा कॅन माझ्या हातात दिला. दाबला, आणि बुशच्या कडेनं तेलाची धार आली. ९०० रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

गाडी फेब्रुवारीत चालू झाली, चौथ्या किकला. पहिले ५०० किलोमीटर मी पन्नासच्या आत चालवली, मग २०डब्ल्यू-५० तेल बदललं. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघितलं, चमचम नव्हती. आबा ओट्यावर बसून आवाज ऐकत होते. "पूर्वी एवढी गप नव्हती," म्हणाले, आणि ते कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही.

आणि हो, राहिलंच: काम देताना जुनी पिन आणि बुश परत द्यायचं आधीच कबूल करून घ्या, नवीन मापाशी ताडून बघायला लागतात. माझी पिन अजून त्या मोठ्या पाटीवाल्याकडंच आहे. दोनदा फोन केला. उद्या या की, म्हणतो.