ठमी, बंड्या आणि मधली जाळी

भटक्या बोक्यांच्या मारामाऱ्या डोंबिवलीत राहणाऱ्यांना नव्या नाहीत. मध्यरात्री पत्र्यावर सुरू झाल्या की अख्खी गल्ली जागी होते. पण एकाच वेताची, चार वर्षं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपणारी घरातली दोन मांजरं, आमची ठमी आणि बंड्या, एका संध्याकाळी एकमेकांच्या जिवावर उठतात आणि पुढे कितीतरी दिवस दोघांमधून विस्तव जात नाही, हे मला ऐकूनही माहीत नव्हतं. दोघांची ऑपरेशनं लहानपणीच झालेली, त्यामुळे ‘माजावर आलीत’ हेही कारण नव्हतं.

झालं असं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बॉक्स ग्रील आहे आणि ग्रीलखाली पहिल्या मजल्याचा छज्जा. त्या छज्ज्यावर एक पिवळा, गलेलठ्ठ गालांचा बोका यायला लागला होता. वॉचमनने त्याचं नाव पहिलवान ठेवलंय. त्या दिवशी तो आला, भिंतीकडे पाठ केली, शेपटी थरथरवली आणि मुताची पिचकारी मारून तिथेच बसला. बंड्या आतून ग्रीलला नाक लावून खर्जात गुरगुरत होता. काय चाललंय बघायला ठमी मागून आली, आणि बंड्या गर्रकन वळून तिच्यावर तुटून पडला. केसांचे पुंजके उडाले, ठमीने तिथेच लघवी केली, दोघांचा मिळून असा काही आवाज की वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या. नवरा हात घालायला पुढे झाला तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, “हात नको!” आणि ओट्यावरची परात उचलून त्यांनी दोघांच्या मध्ये उभी धरली. दोघं एकमेकांना दिसेनाशी झाल्याबरोबर ठमी वॉशिंग मशीनच्या मागे पळाली. परातच बरोबर होती, हे डॉक्टरांनीही सांगितलं. मांजराचे सुळे सुईसारखे खोल जातात, वरून भोक एवढंसं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात टम्म सुजतो. शिवाय रेबीजच्या इंजेक्शनांचा विषय निघतो तो वेगळाच.

ठमीच्या बाबतीत तेच झालं. दोनेक दिवसांनी शेपटीच्या बुडाशी गाठ आली, अंग तापलं, खाणं बंद. पळणाऱ्या मांजराला चावा तिथेच बसतो. शेजारून सल्ला आला, अर्धी क्रोसिन द्या. कृपा करून देऊ नका. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, त्यांचं शरीर ते पचवूच शकत नाही. डॉक्टरांनी केस भादरून पू काढला, अँटिबायोटिक्स सुरू केली. मग म्हणाले, बंड्यालाही आणा. दातदुखी, लघवीचा त्रास, सांधेदुखी असलं काही असलं तर मांजर चिडचिडं होतं, ते आधी तपासायचं. बंड्या ठणठणीत निघाला.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. बंड्याचं भांडण ठमीशी नव्हतंच. त्याला पहिलवानावर जायचं होतं, मध्ये ग्रील होती, आणि तो राग समोर येईल त्याच्यावर निघाला. साहेबाचा राग घरी येऊन बायकोवर काढणारी माणसं असतात, त्यातला प्रकार. एकदा इतकं पेटलेलं मांजर शांत व्हायला तास लागतात, कधी दिवस. आणि मार खाणाऱ्याच्या डोक्यात तर आता एवढंच बसलेलं असतं की हा बोका दिसला की मरण. त्यात ठमी दवाखान्यातून स्पिरिटचा वास घेऊन आलेली. मांजरं एकमेकांना डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त ओळखतात, त्यामुळे बंड्याच्या लेखी ती कुणी परकीच. दारातूनच तो तिच्यावर फिस्कारला.

“आपापसात मिटवतील” हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्या जणांकडून ऐकलं! मिटवत नाहीत. कुत्र्यांसारखी पडतं घेऊन समेट करायची रीत मांजरांत जवळजवळ नाहीच. प्रत्येक नव्या मारामारीने भीती घट्ट होत जाते. पाणी मारा म्हणणाऱ्यांचंही तेच, त्याने फक्त दुसरं मांजर दिसलं की अंग भिजतं एवढं त्यांना कळतं.

उपाय एकच होता, दोघांना पूर्ण वेगळं करायचं आणि जणू आयुष्यात पहिल्यांदा भेटताहेत अशी नव्याने ओळख करून द्यायची. आता वन बीएचकेत, घरात तीन माणसं असताना हे कसं करतात ते ज्याचं त्याला माहीत. ठमीला बेडरूम, बंड्याला हॉल आणि स्वयंपाकघर. दार उघडायचं तर आधी हाक मारून विचारायचं, “बंड्या कुठाय?” रोज संध्याकाळी अदलाबदल, म्हणजे दोघं एकमेकांना न दिसता एकमेकांच्या वासात वावरतील. लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या पेट्या, जितकी मांजरं त्याहून एक जास्त हवेत, तेही वेगवेगळ्या जागी, म्हणून तीन: पलंगाखाली, बाथरूममध्ये आणि हॉलच्या कोपऱ्यात. हा हिशोब आधी मला चोचला वाटायचा. पण डॉक्टरांनी विचारलं, “बंड्या पॅसेजमध्ये आडवा पडून असायचा का?” असायचा की. आम्ही त्याचे फोटो काढायचो. तो लोळत नव्हता, ठमीचा बाथरूमकडे जायचा रस्ता अडवत होता. बहुतेक दादागिरी अशी बिनआवाजी असते.

मग वासाची कामं. मांजराच्या गालांत आणि हनुवटीत वासाच्या ग्रंथी असतात. जुना सुती रुमाल ठमीच्या गालांवर फिरवायचा आणि बंड्याच्या ताटलीपासून लांब ठेवायचा. पहिल्यांदा तो रुमालावरही फिस्कारला. हळूहळू रुमाल ताटलीजवळ आला, आणि एके दिवशी तो त्यावरच बसून जेवला. तोवर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण सुरू केलं होतं, आधी दारापासून चांगलं लांब, मग दोघं निवांत जेवतील तसं पुढे. यासाठी खास खाऊ, जो एरवी मिळत नाही: सासूबाई बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता (दोन्ही मांजरांना बाधतात) चिकन शिजवून बारीक करायच्या. दाराखालच्या फटीतून ठमीचा पंजा बाहेर आला तेव्हा आम्ही तिघंही जमिनीला गाल टेकवून बघत होतो.

पुढे सुताराकडून दाराच्या मापाची लाकडी चौकट करून घेतली, तिला तारेची जाळी. मच्छरजाळी चालत नाही, नखात फाटते. जाळीवर चादर टाकायची आणि जेवताना चार-चार बोटं वर करायची. बघायचं काय, तर टक लावून बघणं, शेपटीचं फक्त टोक हलणं, कान मागे जाणं. यातलं काही दिसलं की आवाज यायच्या आतच चादर खाली.

सगळं छान चाललं असताना पहिलवान पुन्हा छज्ज्यावर आला, हेल काढून ओरडला, आणि बंड्या थेट जाळीवर. पुन्हा बंद दार, पुन्हा रुमाल. मग मात्र आम्ही मूळ कारणाला हात घातला. ग्रीलच्या आतल्या काचेवर दुधी कागद चिकटवला. छज्ज्याची भिंत मांजराच्या मुतासाठी मिळणाऱ्या एन्झाइमवाल्या द्रावणाने धुतली. फिनाईलने नाही: त्यातलं रसायन मांजरांना घातक आणि वासही धड जात नाही. आणि भटक्या मांजरांची ऑपरेशनं करून आणणाऱ्या एका कार्यकर्तीला गाठून पहिलवानाला पिंजऱ्यात पकडवलं. ऑपरेशन झाल्याची कानाला खूण घेऊन तो परत आला. ऑपरेशननंतरही अंगातलं हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, पण त्याची पिचकारी आणि आरडाओरडा कमी होत गेला. सोसायटीतल्या ज्यांना मांजरं डोळ्यांसमोर नकोत त्यांनी यावर अवाक्षर काढलं नाही, हीच दाद समजले.

डॉक्टरांनी फेरोमोनचा, म्हणजे मांजरांना निवांत वाटेल असा वास सोडणारा, डिफ्यूझर सुचवला होता, तो लावला. महाग आहे, आणि त्यानेच फरक पडला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. जमलंच नाही तर फ्लुओक्सेटीन हे चिंता कमी करणारं औषध सुरू करू म्हणाले होते, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. ती वेळ आली नाही. पण कुणावर आली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मनाने देऊ नका.

जाळी काढून पहिली भेट झाली तेव्हा काठीला बांधलेली पिसं दोघांसमोर दोन टोकांना नाचवली, नवरा एकीकडे, मी दुसरीकडे. सासूबाई परात घेऊन सोफ्यावर तयार. सगळं छान चालू असतानाच आम्ही थांबवलं, डॉक्टरांचा तसा हुकूमच होता. मग रोज थोडं थोडं वाढवत गेलो.

आता दोघं एका खोलीत जेवतात, एका सोफ्यावर बसतात, मध्ये एका उशीचं अंतर ठेवून. पाय टाकून झोपणं काही परत आलेलं नाही. कपाटावर ठमीसाठी एक फळी ठोकली आहे, बंड्या जड असल्यामुळे तिथवर पोचत नाही. पुढच्या महिन्यात लसी आहेत. दोघांना एकाच दिवशी, दोन वेगळ्या पिंजऱ्यांत नेणार, म्हणजे दवाखान्याचा वास दोघांनाही सारखाच लागेल. घरी आल्यावर रात्रभर वेगळ्या खोल्या आणि तोच रुमाल दोघांच्या गालांवरून.