आमची वाटचाल: मिरकरवाड्याच्या खाऱ्या वाऱ्यातून उपग्रहापर्यंत

आमचं दुकान रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून चालत पाच मिनिटांवर. 1994 साली एका गाळ्यात सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. आज आम्ही पाच माणसं आहोत आणि निम्म्याहून जास्त काम नौकांचं असतं: वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर, चार्जर. गेल्या तीन वर्षांत याच टेबलावर उपग्रहात बसणारा एक सर्किट बोर्डही तयार झाला. तो कसा झाला हे बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात मिठापासून करावी लागेल. नवाकोरा वायरलेस एका हंगामानंतर उघडला की आत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, दोन ट्रॅकच्या मधे करंट गळू लागतो आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं. पहिली दोन वर्षं मी असे बोर्ड नुसत्या अल्कोहोलने पुसायचो. सेट महिन्याभरात परत यायचे. मीठ अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं, ही शाळेत शिकलेली गोष्ट मला टेबलावर उशिरा कळली. तेव्हापासून आमची पद्धत ठरली: आधी डिस्टिल्ड पाण्याने ब्रशने धुवायचं, मग अल्कोहोलने पाणी काढायचं, मंद ओव्हनमध्ये सुकवायचं आणि शेवटी वरून लॅकरचा थर द्यायचा. एका तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, मला सांगितलं होतं, “भाऊ, किनाऱ्यावर मशीन बंद पडली तर पैसे जातात. पाण्यात बंद पडली तर माणूस जातो.” आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी ऐकवतो.

1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी असते. नौका वर ओढलेल्या असतात, तेव्हा आमचा खरा हंगाम. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे सेट परत द्यायचे म्हणजे रात्री बाराला शटर खाली येतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्यानंतर गाळाने भरलेले बोर्ड पोत्यांनी आले. तेही याच पद्धतीने धुतले आणि त्यातले बरेच चालू झाले.

आता कॉम्प्युटरची गोष्ट. 1988 साली मी पुण्यात डिप्लोमा करत होतो. बाबांनी आंब्याच्या पैशातून मला एक डीबी स्पेक्ट्रम घेऊन दिला. इंग्लंडमध्ये सिंक्लेअरने 1982 साली काढलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही आपल्याकडची आवृत्ती. पुण्याची डेसिबेल्स कंपनी परवान्यावर बनवत असे. 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80 प्रोसेसर, 48 केबी मेमरी, घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचे. कॅसेटचा तो किरकिर आवाज पाचेक मिनिटं चालायचा, टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे, आणि मधेच टेप अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मी जे काही इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते त्याच मशीनने शिकवलं, कारण त्यात काहीच लपलेलं नव्हतं. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, कोणत्या पायावर काय यायला हवं ते मीटर लावून पाहता येत असे. पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या फेऱ्यांत भंगारातले असे आणखी तीन मिळाले, तेही मी जपून ठेवले.

2022 च्या दिवाळीत भाची आली. ती पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि तिथल्या काही मुलामुलींनी मिळून छोटा उपग्रह करायला घेतला होता. दहा सेंटिमीटरचा घन, ज्याला क्यूबसॅट म्हणतात. असे उपग्रह विद्यार्थ्यांनी करणं नवीन नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवरून गेला आणि त्याचं वजन किलोच्या आत होतं. भाचीने स्पेक्ट्रमचं कपाट उघडून विचारलं, “मामा, तुझा हा अजून चालतो?”

“चालतो की.”

“मग तो आम्हाला वर न्यायचाय.”

मला आधी वाटलं की नुसती हौस आहे. पण त्यांचा विचार पक्का होता. अंतराळातला एखादा वेगवान कण मेमरीच्या पेशीत घुसला तर एक बिट पालटतो, शून्याचा एक होतो. या पिढीच्या मेमरीनेच हा धडा जगाला दिला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या लोकांनी दाखवलं की चिपच्या कवचातूनच निघणारे अल्फा कण बिट पालटवू शकतात. आणि स्पेक्ट्रमचं पडद्यावरचं चित्र म्हणजे मेमरीचेच 6912 बाइट. पैकी 6144 ठिपक्यांचे, 768 रंगांचे. म्हणजे मेमरीत एक चित्र भरून ठेवायचं आणि नंतर ते जमिनीवर उतरवून पाहायचं. ठिपका पालटला तर ठिपका दिसेल. रंगाचा बाइट बिघडला तर आठ बाय आठचा अख्खा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसेल. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचा किरणोत्सर्गी पट्टा सगळ्यात खाली येतो, तिथून जाताना चित्र जास्त बिघडायला हवं. शाळकरी पोरालाही नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल असा प्रयोग. आणि ते चित्र खाली पाठवायचं कसं? त्याच कॅसेटच्या आवाजात! रॉममधला (कायमच्या मेमरीतला) टेपवर साठवण्याचा प्रोग्राम एक चित्र साधारण पाऊण मिनिटात वाजवतो. उपग्रह डोक्यावरून जायला आठ-दहा मिनिटं लागतात. हे ऐकल्यावर मी हो म्हटलं.

मूळ बोर्ड वीतभर लांब, तो मावणं शक्यच नव्हतं. जुन्या आयसी काढून नवीन छोट्या बोर्डावर लावायच्या ठरल्या. टीव्हीचा मॉड्युलेटर आणि रंगाचा 4.43 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गेला, 14 मेगाहर्ट्झचा ठेवला. मूळच्या 4116 मेमरीला +12, +5 आणि -5 असे तीन व्होल्टेज लागतात, आणि -5 गेला की चिप जळते. स्पेक्ट्रम दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय. म्हणून फक्त 5 व्होल्टवर चालणाऱ्या 4164 घेतल्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढले, कारण निर्वातात त्यांच्यातलं द्रव्य टिकत नाही. आयसीचे सॉकेटही नकोत. रॉकेटच्या थरथराटात आयसी सॉकेटमधून वर सरकते. सगळं थेट सोल्डर केलं, तेही शिसं असलेल्या 63/37 ने, कारण निव्वळ कथिलावर केसासारखे धागे वाढतात आणि शॉर्ट करतात.

मोठा वाद प्रोसेसरवर झाला. सीमॉस आणि एनमॉस या चिप बनवायच्या दोन पद्धती. नवीन सीमॉस झेड80 फार कमी वीज खातो. जुना एनमॉस कमाल 200 मिलिअँप ओढू शकतो, आणि एवढ्याशा घनाला सौर पट्ट्यांतून सरासरी दोनेक वॉट मिळतात. मुलं सीमॉसच्या बाजूची होती. पण सीमॉसमध्ये कणाच्या धक्क्याने लॅचअप होऊन, म्हणजे आतल्या आत शॉर्ट होऊन, चिप जळू शकते, जुन्या एनमॉसमध्ये ती रचनाच नसते. मी जुन्यावर अडून बसलो आणि त्याबदल्यात त्यांची अट मान्य केली: कॉम्प्युटर एका वेळी दहाच मिनिटं चालू करायचा. पुढे एप्रिल 2024 मध्ये झेड80 बनवणाऱ्या झिलॉग कंपनीने हा प्रोसेसर थांबवत असल्याचं जाहीर केलं, 14 जून ही शेवटच्या ऑर्डरची तारीख दिली, तेव्हा खणातल्या सहा जुन्या आयसी मी पुन्हा मोजून ठेवल्या.

यानंतर आमच्या हातून चूक झाली, आणि ती नेमकी ज्या कामाचा आम्हाला अभिमान तिथेच झाली. पहिल्या बोर्डावर मी नेहमीचं लॅकर मारलं. पंचवीस वर्षं नौकांवर टिकलेलं, त्यामुळे विचारायचं सुचलंच नाही. निर्वात चाचणीत बोर्ड तापला तेव्हा समोरच्या काचेवर धुरकट पापुद्रा बसला. अंतराळात तोच थर कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा सौर पट्टीवर बसला असता. तिथल्या सामानाची कसोटी अशी असते: निर्वातात 125 अंशांवर 24 तास ठेवून वजन एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये आणि गार पृष्ठभागावर साचणारं द्रव्य 0.1 टक्क्याच्या वर जाता कामा नये. आमचं लॅकर नापास, पीव्हीसीच्या वायरीही नापास. अख्खा बोर्ड वाया गेला आणि त्याबरोबर एक चांगली यूएलए चिपही (स्पेक्ट्रमचं चित्र आणि टेपचा आवाज सांभाळणारी खास आयसी), जी आता कुठे मिळत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या बोर्डाला मुलांनी कसोटीत बसणारं सिलिकॉन आणलं आणि वायरी टेफ्लॉनच्या घेतल्या. धुण्यासुकवण्याची पद्धत मात्र आमचीच राहिली. चाचणी घेणाऱ्यांनी दुसरा बोर्ड पाहून स्वच्छतेबद्दल एक शब्दही काढला नाही, तेवढ्यानेच आमच्या पोरांना बरं वाटलं.

उष्णतेनेही बराच वेळ खाल्ला. यूएलए अशीच हाताला चटका देते, आणि तिथे तर वारा नाही. तिच्याखालून ॲल्युमिनियमची पट्टी थेट सांगाड्यापर्यंत नेली, म्हणजे उष्णता धातूतून बाहेरच्या पत्र्यापर्यंत जाईल.

मजुरी आम्ही घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. सौ. दुकानाचा हिशेब पाहतात, त्यांनी या कामाची वही वेगळी ठेवली. दोन पावसाळे आमचा एक माणूस त्यात अडकला होता, त्याचा भार बाकीच्यांनी उचलला. हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

शेवटच्या बोर्डासाठी झेड80 निवडताना मी खणातली आयसी घेतली नाही. बाबांनी घेऊन दिलेल्या मशीनमधली काढली. भाची नको म्हणत होती. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी आयुष्यात विमान जवळून पाहिलं नाही, पण त्यांच्या कलमांच्या पैशातली एक वस्तू पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारेल, हे मला हवं होतं. मशीनची पेटी काउंटरमागच्या काचेत आहे, आत चाळीस पायांची जागा रिकामी.

बोर्ड आता मुलांच्या ताब्यात आहे, थरथराटाची चाचणी पार झालीय, रॉकेटवर जागा मिळायची वाट पाहतोय. त्याचा जुळा आमच्या दुकानात रोज दहा मिनिटं चालतो. मेमरीत भरायचं चित्र भाचीनेच काढलंय: भगवती किल्ल्याजवळचं दीपगृह आणि खाली एक नौका. दुकानातून वायरलेसवर तो किरकिर आवाज सोडायचा आणि बंदराच्या टोकाला मोबाइलवर उतरवायचा, असा सराव पोरं करतात. परवा वाऱ्याने दोनदा चित्र तुटलं, तिसऱ्यांदा दीपगृह पूर्ण आलं. गच्चीवरचा अँटेना पावसाआधी नायलॉनच्या दोरीने पुन्हा ताणून बांधायचाय. लोखंडी तार इथे एक हंगामसुद्धा टिकत नाही.