आईला न दाखवलेला पेपर

दादा गेला त्याला या महिन्यात अकरा वर्षं झाली. आत्महत्येने गेला. घरात आम्ही हा शब्द उच्चारत नाही, ‘ते झालं तेव्हा’ एवढंच म्हणतो. इथे मुद्दाम पूर्ण लिहितेय.

मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात असणारं, मणक्यांतून काढलेलं पाणी, म्हणजे सीएसएफ, आमच्याकडे तपासायला येतं. नळी आधी उजेडासमोर धरायची. सगळं ठीक असेल तर ते साध्या पाण्यासारखं नितळ दिसतं. मग साखर, प्रोटीन, पेशी. दादा गेल्यावर कितीतरी महिने नळी वर धरली की एकच विचार यायचा: त्याच्या पाण्यात काही दिसलं असतं का?

हा प्रश्न स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञ मारी ओसबेर्ग यांना माझ्या कितीतरी आधी पडला होता. नैराश्याच्या 68 रुग्णांचं सीएसएफ तपासून त्यांनी 1976 मध्ये निष्कर्ष छापले. मेंदूत सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन वापरून झालं की 5-एचआयएए नावाचं द्रव्य मागे राहतं. राखेवरून चुलीत किती लाकूड जळलं ते ओळखावं, तसं ते मोजता येतं. ज्यांच्यात ते कमी होतं, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त दिसले. पण कमी असलेल्या सगळ्यांनीच प्रयत्न केला होता असं नाही. म्हणून ‘याच्या खाली धोका’ असा आकडा आजही कुठल्या रिपोर्टवर छापता येत नाही. हे समजून घ्यायला मला फार वेळ लागला.

पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन मान आणि व्हिक्टोरिया अरँगो या संशोधकांनी आत्महत्येने गेलेल्यांचे मेंदू तपासले. मनात आलेलं लगेच हातून घडू न देणारा जो भाग कपाळामागे, डोळ्यांच्या वर असतो, तिथे सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी प्रथिनं कमी सापडली. मान यांचं म्हणणं असं की आधीची जैविक नाजूकता आणि वरून आलेला ताण किंवा आजार, दोन्ही एकत्र यावे लागतात. लोक मात्र शेवटच्या दिवसाकडे बोट दाखवतात. आमच्याकडे ते बोट एका साध्या भांडणाकडे गेलं. त्या भांडणातला दुसरा माणूस अजून आमच्या दारात आलेला नाही. त्याने यावं असं मला मनापासून वाटतं.

नाजूकता म्हणजे विधिलिखित नव्हे. मूड डिसऑर्डर, म्हणजे नैराश्यासारखे मनःस्थितीचे आजार असलेल्यांमध्ये लिथियम या औषधामुळे आत्महत्येचं प्रमाण कमी होतं, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हेही तपासून झालंय. तुम्हाला तसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा. सोबत कुणाला तरी घेऊन जा.

आता तो पेपर, म्हणजे आईला न दाखवलेला शोधनिबंध. 2009 सालचा, मॉन्ट्रियलच्या मॅकगोवन, मीनी, तुरेकी वगैरे संशोधकांचा. ताणाच्या हार्मोनला आवर घालणाऱ्या रिसेप्टरचा एक जीन असतो. लहानपणी छळ सोसून पुढे आत्महत्येने गेलेल्यांच्या मेंदूत त्या जीनवर मिथाइलच्या खुणा जास्त होत्या, म्हणजे जीन दबलेला. वाचला आणि ड्रॉवरमध्ये पालथा घालून ठेवला. आई इंग्रजी वाचते, आणि अकरा वर्षं तिचं एकच चाललंय: “माझंच काहीतरी चुकलं.” ती दादावर ओरडायची, अभ्यासावरून. छळ आणि ओरडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तिला तो फरक दिसला नसता.

गेल्या महिन्यात पुन्हा काढून नीट वाचला. त्यात बारा-बारा जणांचे तीन गट होते. एक छळ सोसलेल्यांचा, एक इतर कारणांनी अचानक गेलेल्यांचा, आणि एक आत्महत्येनेच गेलेल्या पण लहानपणी छळ न झालेल्यांचा. या शेवटच्या बारा जणांत त्या खुणा वाढलेल्या नव्हत्या.

मग मीच आईसमोर पेपर ठेवला. आलेख समजावून सांगितला. त्या बारांवर बोट ठेवून तिने विचारलं, “मग हे का गेले?”

“यात ते नाही गं.”

“कुणाचा छळ झाला होता, हे यांना कळलं कसं?”

“घरच्यांशी बोलून.”

ती बराच वेळ आलेखाकडे बघत राहिली.

“म्हणजे या बारा जणांच्या घरच्यांनाही विचारलं असेल,” ती म्हणाली. “मग नंतर जाऊन त्यांच्या आयांना हे कुणी सांगितलं का?”