गवती चहाला विळा लावा, भिऊ नका

मृगाचे दोन पाऊस झाले की मी आमच्या परभणीच्या घरामागचा गवती चहा कापायला घेतो. परवा निम्मा ठोंब खाली आणला तर शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडल्याच, "काय करायलास रे, चांगलं झाड मारायलास की!" काकू, कापल्यानं नाही मरत हो ते, न कापल्यानं मरतं.

आपली सवय काय, चहा ठेवला की पळत जायचं आणि शेंड्याकडची एक पात तोडून आणायची, बस. मग खालची पानं वाळून तिथंच अडकतात, आत हवा जात नाही, मधला भाग मरतो आणि फुटवे नुसते कडेकडेनं येतात. माझ्या ठोंबात हात घालून बघितलं तर मधे सगळा करडा भुसा निघाला, खरंच वाईट वाटलं.

आता मी आधी वाळकी पानं ओढून काढतो (फुल बाह्यांचा शर्ट घालूनच, पातीची कड ब्लेडसारखी लागते आणि घामानं मग जी आग होते!), मग मूठभर पाती धरून जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर विळा. त्याच्या खाली जायचं नाही, नवा कोंब तिथून बुडातूनच येतो. विळा फिरला की अख्ख्या गल्लीत लिंबाचा वास सुटतो, तो सिट्रल नावाच्या सुगंधी द्रव्याचा, लिंबाच्या सालीत असतं तेच. नवीन लावलेला असेल तर ४-५ महिने थांबा, नंतर दर २-३ महिन्यांनी कापा, फक्त मे महिन्यात ४२ डिग्रीत नको, पाण्याची मारामार असते तेव्हा त्याला पुन्हा फुटायला जीव राहत नाही.

कापलेली पाती सावलीत वाळवायची, उन्हात टाकली की वास उडतो. तुकडे करून बरणीत भरले की हिवाळाभर पुरतात.

आणि हा सहसा फुलत नाही, बी मिळायचा प्रश्नच नाही, लावायचा तो ठोंब फोडूनच. मुळं धरलेले फुटवे घ्यायचे, पानं अर्धी छाटायची. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून जरा उंचवट्यावर लावा. काकूंना असेच तीन फुटवे दिलेत, भिंतीपलीकडं पत्र्याच्या डब्यात लावलेत त्यांनी, रोज सकाळी वाकून बघायल्यात.