उघडा टँक, उडणारं पाणी आणि टीडीएस: नेरुळच्या नोंदी

मागच्या उन्हाळ्यापासून माशांच्या दोन फुटी टँकची वरची काच काढून ठेवली आणि पाणी किती उडतं ते नीट मोजायला घेतलं. नेरुळला आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, बऱ्यापैकी मऊ. माझ्या मोजणीच्या पेनवर नळाचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा, ८० च्या आसपास दिसतो. टँकमध्ये निऑन टेट्रा मासे, चेरी श्रिंप (छोटी कोळंबी), आणि जावा फर्न, अनुबियास या पाणवनस्पती. दगड-वाळू सोडून पाणी साधारण ५० लिटर.

मोजणं सोपं आहे. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवली. पृष्ठभाग ६० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की १८० मिली पाणी गेलं. मे महिन्यात क्लिप-फॅन (काचेला अडकवून पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा) चालू असताना रोज ४-५ मिलिमीटर जायचं, आठवड्याला साडेपाच लिटर धरा. काचेच्या कडेला लटकणाऱ्या हँग-ऑन फिल्टरची धार मोठ्याने वाजायला लागली की पट्टी न बघताही कळतं. जुलैत त्याच टँकमधून दिवसाला जेमतेम दीड मिलिमीटर. बाहेर हवा दमट, त्यात घरभर दोऱ्यांवर ओले कपडे!

आता खरा मुद्दा. उडतं ते नुसतं पाणी. क्षार आणि नायट्रेट टँकमध्येच राहतात. उडालेल्या पाण्याची भर (टॉप-अप) नळाच्या पाण्याने केली की आणखी क्षार आत येतात. त्यांना बाहेर जायला मुख्य वाट एकच, वॉटर चेंजची बादली. मी दर रविवारी १० लिटर काढते आणि तेवढंच नळाचं भरते. म्हणजे मे महिन्यात आठवड्याला नळाचं साडेपंधरा लिटर पाणी आत आणि टँकचं १० लिटर बाहेर. हे असंच चालू राहिलं तर टीडीएस ८० च्या १.५५ पट, म्हणजे १२४ वर स्थिरावायला हवा. खाणं आणि खतांची भर वेगळी. माझं पेन मे अखेरीस १४० दाखवत होतं. पावसाळ्यात बादली तीच, पण हिशेब ९५ वर येतो.

किती उडालं यापेक्षा उडालेलं आणि काढलेलं यांचं प्रमाण महत्त्वाचं आहे. मे महिन्यात याच टँकमधून ५ लिटरच काढले तर आकडा १६८ वर जाईल. आणि जे म्हणतात, ‘टॉप-अप करतोय ना, मग वॉटर चेंज कशाला’, त्यांच्याकडे तो कुठेच थांबत नाही, चढतच राहतो. जुने मासे हळूहळू सरावतात, म्हणून टँक ठीक वाटतो. दुकानातून आणलेला नवा मासा मात्र दगावू शकतो. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांनी तर आधी पेन बुडवून बघावं. सुरुवातच ४०० पासून असेल तर माझ्या मे महिन्याच्या हिशेबाने ते ६२० होतात.

म्हणून आता टॉप-अप फक्त घरच्या आरओच्या पाण्याने करते. वॉटर चेंज मात्र नळाच्याच पाण्याने, अँटी-क्लोरीन घालून. आपलं पाणी आधीच मऊ, केएच (पीएच सावरून धरणारे कार्बोनेट क्षार) कमी. सगळंच आरओ वापरलं तर पीएच कोसळू शकतो आणि श्रिंपना कात टाकल्यावर नवं कवच घडवायला कॅल्शियम पुरत नाही. एसीचं पाणी फुकट मिळतं, पण ते तांबं-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं. तांबं श्रिंपना घातक, त्यामुळे माझ्या टँकला ते नाहीच.

एवढं उडतं तर काच परत का ठेवत नाही? उन्हाळ्यात हे उडणंच टँकला वाचवतं. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. खोलीतून उष्णता परत येत नसती, तर तेवढ्यात ५० लिटर पाणी ११-१२ अंशांनी उतरलं असतं. प्रत्यक्षात फॅनने ३१ चं २८-२९ होतं, आणि निऑनसाठी तो फरक फार मोठा आहे. सगळ्यात वाईट दिवस जूनच्या सुरुवातीचे: उकाडा तसाच, हवा मात्र दमट, फॅनचा उपयोग निम्मा. तेव्हा खाणं कमी करते आणि दिवे उशिरा लावते.

गणपतीत गावी जाताना काच ठेवली की भागतं, तेव्हा पाणी फारसं उडत नाही. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मात्र फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा) आणि आरओच्या पाण्याचा कॅन जोडायचा आहे. व्हॉल्व्ह अडकला तरी टँक ओसंडू नये म्हणून कॅन ५ लिटरचाच ठेवणार. एवढं पाणी मावेल इतकी जागा काचेच्या कडेपर्यंत आहे, ते पट्टीवरून तपासलंय.